लिव्हलंय की!

"लिव्हलंय की!" एवढंच म्हणायची आणि बोटाच्या पेरानं लाकडी चौकटीवर दोनदा टकटक करायची. तिच्याशी हुज्जत घालायला आलेल्याला एवढंच उत्तर मिळे. मग तो सरपंच असो, टँकरचा ड्रायव्हर असो, नाहीतर माझ्यासारखा दूध संस्थेचा सचिव असो. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्यापुढे उभं राहिलं की आपला हात उगीच शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. आमच्याकडे ही होती. सगळी गल्ली तिला मावशी म्हणे.

घाटनांदूरच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. मावशी आमच्या दूध संस्थेत कॅन धुवायची. दुष्काळात जनावरं चाऱ्याच्या छावणीत गेली, दूध थांबलं आणि कॅन अंगणात उपडे पडले. मला बसायला निदान खुर्ची होती, तिला धुवायला काहीच उरलं नाही. टँकर दिवसाआड गल्लीच्या तोंडाशी येई. तिथं जे चालायचं ते सांगायचीसुद्धा लाज वाटते. एकदा घागरीच्या माऱ्यानं एका बाईचं कपाळ फुटलं. निम्मं पाणी मातीत गेलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आपल्या घराची रस्त्याकडची भिंत विळ्यानं खरवडताना दिसली.

"हे काय काढलंय, मावशी?"

"फळा करायलेय. पाण्याचे नंबर लिव्हायला."

"भिंतीचा फळा?"

"मग काय आभाळाचा करू? ते तर कवाचं कोरं हाय."

मला काही काम नव्हतंच. संस्थेच्या ओट्यावर बसून मी आठ दिवस तो फळा होताना पाहिला. भिंत सारवायला शेण हवं, आणि गावात जनावर नाही. ती छावणीपर्यंत चालत गेली आणि डोक्यावर पाटी घेऊन आली. भांडी धुतलेल्या पाण्यात तिनं माती कालवली. बाभळीचा कोळसा उखळात कुटला आणि जुन्या लुगड्यातून गाळला. इथं मी माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, "मावशी, थोडं तेल घाला. काळं कसं चमकेल बघा!"

चमकलं. भिंत अशी चमकली की तिच्यात तोंड पाहावं. फक्त तिच्यावर खडू काही उठेना. गल्लीला तेवढंच हवं होतं. "मावशीनं आपल्या हातानं घराला काळं फासलं," असं लोक येता-जाता म्हणू लागले. मला वाटलं, आता ही माझा उद्धार करणार. तिनं विळा उचलला, सगळी भिंत पुन्हा खरवडून काढली आणि एवढंच म्हणाली, "सचिवसायब, तुमी कागदावरच बरे हाव."

दुसऱ्या खेपेला तिनं कोळशात निवडुंगाचा चिकट रस घातला. माझ्या बॅटरीचे मेलेले सेल फोडून आतलं काळं घातलं. तीन हात दिले आणि प्रत्येक हात वाळला की नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटला. नदीत तेवढेच उरले होते. शेवटी रिकाम्या गोठ्याचे वासे उतरवून तिनं चारी बाजूंनी चौकट ठोकली. पुरुषभर उंच आणि दोन बाजा मावतील इतका रुंद फळा!

"एवढी चौकट कावून, मावशी?" शेजारणीनं विचारलं.

"चौकट नसली तर ती निस्ती भित हाय. भितीवर कुणीबी कायबी लिव्हतंय."

हे बोलणं मला तेव्हा कळलं नाही.

चौथी शिकलेली बाई, पण अक्षर असं की शाळेच्या गुरुजींनी आपणहून खडूचे तुकडे आणून दिले. पहिल्याच दिवशी मात्र घोटाळा झाला. पाण्याला यायच्या बाया, आणि त्या नवऱ्याचं नाव घेईनात. म्हणून तिनं बायांचीच नावं लिहिली. दोन नंबरला 'लक्ष्मी' पुकारलं तर चार घागरी पुढे आल्या! लग्नात नाव बदलायची आपली रीत, आणि ठेवायची नावं ठरलेली. आमच्या गल्लीत चार लक्ष्म्या आणि तीन पार्वत्या निघाल्या.

मावशीनं कोरड्या फडक्यानं सगळा फळा पुसला. ओलं फडकं तिनं कधीच लावलं नाही, पाणी होतं कुठं? मग एकेकीला विचारत गेली, "तुझ्या आईनं तुला काय म्हणून हाक मारली? त्ये सांग."

बाया लाजल्या, हसल्या. एकीला तर आठवायलाच वेळ लागला. आणि मग त्या काळ्या भिंतीवर नावं उतरली: गोदी, ठकू, चंपा, सुभी. तिसऱ्या ओळीत 'छबू' वाचलं आणि मी जागीच थांबलो. ती माझी बायको. लग्नपत्रिकेवर ते नाव मी एकदा पाहिलं होतं, त्याला वीस वर्षं झाली. त्या दिवशी जेवताना मी हळूच म्हटलं, "छबू, भाकरी वाढ." तिच्या हातातली परात पडली.

प्रत्येकीला नंबरानं पाच घागरी. पाणी संपलं की उरलेल्यांना पुढच्या खेपेला पहिला मान. नावं अशी दर खेपेला खाली-वर होत. आणि भांडणं थांबली, खरोखर थांबली! पण ही शिस्त एकदा मोडली असती तर पुन्हा कपाळं फुटली असती, हे आम्ही सगळे जाणून होतो.

मोडायची वेळ आलीच. आमच्या संस्थेच्या चेअरमनांकडे पाहुणे यायचे होते. त्यांच्या माणसानं येऊन चौकटीच्या वर, मोकळ्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत चेअरमनांचं नाव लिहिलं.

"त्ये भितीवर हाय," मावशी म्हणाली. "फळ्यावर न्हाई."

थोड्या वेळानं टँकर आला आणि मागोमाग चेअरमन स्वतः आले. मागे त्यांच्या पत्नी आणि चार माणसं. मी पेपरात डोकं घातलं, हे इथं कबूल करतो. माझी नोकरी त्यांच्या हातात होती, आणि मावशीचीही.

"आमचं घर कुठंय ह्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"लिव्हलंय की!" टक टक.

चेअरमन वाचू लागले. वरून खाली, मग खालून वर. त्यांना घर सापडेना. मावशी काही सांगेना. शेवटी मागून त्यांच्या पत्नीच पुटपुटल्या, "सातवं... त्ये 'सोनी' हाय ना, ती मी."

चेअरमन त्या नावाकडे पाहत राहिले. मग टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "नंबरानं सोड रे." त्या दिवशी मला मावशीच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, पण सहा नंबर सरून सातवा येईपर्यंत मी तिथून हललोही नाही.

तिचा स्वतःचा नंबर मात्र कधी वर गेला नाही. सगळ्यात खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात, दर वेळी एकाच जागी ती लिहायची: 'मी'. तिच्यापर्यंत पाणी पुष्कळदा पोचत नसे. मग कुणीतरी तिच्या उंबऱ्यावर कळशी ठेवून जाई आणि ती गल्लीभर ओरडत फिरे, "ही कळशी फळ्यावर न्हाई! कुणाची हाय?" कुणी कबूल होत नसे.

मी एकदा विचारलं, "मावशी, सगळ्यांची माहेरची नावं लिहिलीत. तुमचं काय?"

"लिव्हलंय की," ती म्हणाली. मी हसलो आणि पेपर वाचू लागलो.

पुढे पाऊस झाला, दूध सुरू झालं, मावशी पुन्हा कॅन धुऊ लागली. फळा तसाच राहिला. तीन वर्षांनी मावशी गेली. कागदोपत्री तीही लक्ष्मीच निघाली, गल्लीतली पाचवी. तिच्या पुतण्यानं राहायला येण्याआधी भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. दर खेपेला जागा बदलणारी नावं चुन्याखाली गेली. पण एका जागी वर्षभर गिरवून भिंतीत खाच पडलेलं, कधी पाण्यानं न पुसलेलं अक्षर काही जाईना. चुना वाळला आणि खालच्या कोपऱ्यात ते पुन्हा दिसू लागलं.

पुतण्याची नवी नवरी दारात उभी होती. तिनं जमलेल्या बायांना विचारलं, "हितं 'मी' लिव्हलंय. मी म्हंजी कोण वो?"

गोदी, ठकू, चंपा, माझी छबू, सगळ्या तिथं होत्या. "आमची मावशी," छबू म्हणाली, पण आईनं तिला काय म्हणून हाक मारली ते एकीलाही ठाऊक नव्हतं.