मॉन्स्टेराच्या कुंडीत शेतातली माती

लोक अमेरिकेला जातात. मी लोणी काळभोरहून खराडीला आले. तरी निघताना आईने देवापुढे दिवा लावला आणि हातावर दही घालायला वहिनीला पुढे केलं. "आता ती घरची सून हाय, तिच्या हातनं घे." दादाचं लग्न नुकतंच झालं होतं. दही चाटलं, पण हडपसर येईपर्यंत मी धुसफुसत होते.

एवढ्याशा अंतराला कसलं आलंय स्थलांतर, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्यासारखे जवळच राहायला गेलेले आहेत, त्यांना विचारा. परदेशी गेलेल्याची घरचे आठवण काढतात; आमचं म्हणजे 'येईल की रविवारी'. आणि रविवार लॅपटॉपसमोर जातो.

फ्लॅटच्या हॉलमध्ये मी मोठ्या, चिरलेल्या पानांचा मॉन्स्टेरा आणला. त्याची एक फांदी हौसेने आईला दिली. माझा जेमतेम तग धरून होता. तिकडे वहिनीने लावलेली फांदी खिडकीच्या वर गेली. प्रत्येक नव्या पानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर, खाली आईचा व्हॉइस मेसेज: "माझ्या सुनंच्या हाताला गुण हाय." मी अंगठा पाठवायचे आणि जळायचे. पानांवर नाही, त्या 'माझ्या'वर.

मग मनाची समजूत घातली, गुण हाताचा नाही, आपल्या मातीचा. तिसऱ्या दिवाळीला गेले तेव्हा शेतातली काळी माती पिशवीत भरून आणली, मोठी कुंडी घेतली आणि झाड त्यात हलवलं. पंधरवड्यात पानं पिवळी पडली.

नेमक्या त्याच आठवड्यात आई आणि वहिनी आल्या, वहिनीच्या दीड वर्षाच्या मुलाला दादापाशी ठेवून. आईने कुंडी आडवी करून झाड ओढलं, तर मातीचा ओला गोळाच बाहेर आला. "उसाची माती कुंडीत कुणी भरली गं? मुळं गुदमरली की!"

"अगं, आपल्या घरच्या कुंडीत शेतातली माती नाहीच," वहिनी म्हणाली. ती लोणीतल्याच कॉलेजात शिकवते, समजावून सांगायची तिला सवय. "विटांचा चुरा, नारळाच्या शेंड्या आणि कोकोपीट. ते तर मी ऑनलाइन मागवते."

दोघी खाली बसल्या. आईने झाड धरलं, वहिनीने कुजलेली मुळं कापली. आईने नुसता हात पुढे केला की वहिनी नेमकी हवी ती वस्तू त्यात ठेवायची. मी कचऱ्याची पिशवी धरून उभी होते. माझ्याच घरात, माझ्याच आईजवळ, पाहुण्यासारखी.

चहा झाल्यावर म्हटलं, "आई, राहा की चार दिवस."

"नातवाला मी लागते गं झोपताना," आई म्हणाली. मग पदर सावरत दाराशी गेली आणि म्हणाली, "चल गं, घरी जाऊ."

मी चटकन चपलेत पाय घातला. तोवर वहिनी माझ्या बाजूने पुढे होऊन लिफ्टपाशी पोचली होती.