निळ्या प्लेटच्या मागावर: अलोरे, खेड, मुरुड

माझे छपाईचे सर नव्वदीला टेकलेत. नजर अधू, हट्ट शाबूत. म्हणाले, "गावाकडची निळी प्लेट आण. एकदा छापू, मग मी मोकळा."

त्यांचे रोलर पुसता पुसताच मी शाई ओळखायला शिकलो, म्हणून आज कराडात माझा छापखाना आहे. माझ्याकडे चार रंगांना चार प्लेटा लागतात. सर तरुणपणी एकाच जस्ताच्या पत्र्यातून, एकाच दाबात सगळे रंग काढायचे. ॲसिडला पत्रा कुठे उथळ खायला लावायचा, कुठे खोल. एक शाई पातळ, एक घट्ट. एक रोलर कडक, एक लोण्यासारखा मऊ. शाया शेजारी बसायच्या, पण मिसळायच्या नाहीत. चित्रात झाड नाही, माणूस नाही, नुसता रंग, जास्त करून निळा, म्हणून निळी प्लेट. लोक हसायचे. गावचं घर विकलं तेव्हा प्लेट सरांच्या तिघा पुतण्यांकडे गेली.

कराडहून कुंभार्ली घाटातून जाणारी सकाळची एसटी पकडा. मागच्या सीटवर बसू नका, नाश्ता वर येतो. अलोऱ्याला थोरला पुतण्या, वीज प्रकल्पातून रिटायर झालेला. "वायच बसा, चाय घेवा," म्हणत त्याने माळ्यावरून प्लेटची वीतभर रुंद पट्टी काढली.

"बाकीची?"

"वाटणीत कापून तिघांना सारखी आली. मागाहून कोणी बोलायला नको."

आतून वहिनी कडाडल्या, "सारखी कसली! आमच्या वाट्याला कडेची!"

मी पट्टी गोणपाटात गुंडाळली.

खेडला मधल्याचं हार्डवेअरचं दुकान. स्टेशनपासून रिक्षाने जा, भाडं आधी ठरवा. त्याची पट्टी वजनकाट्यावर. "खरखरीत आहे, खिळे घरंगळत नाय." बदल्यात माझ्याकडून नवा पत्रा घेऊन त्याने ती दिली. दापोलीच्या गाडीत कंडक्टर माझ्या गोणपाटाकडे बघून म्हणाला, "शेट, पत्र्याचं हाफ काढू काय?" सगळी गाडी हसली. मीही हसलो.

मुरुडला धाकट्याचं होमस्टे. सुरमई ताजी, खोली स्वच्छ, किनारा दृष्ट लागण्यासारखा, जरूर राहा. प्लेटची मधली पट्टी काउंटरमागे फ्रेममध्ये.

"देतो की. दादाने स्वतः मागावी. एक फोन, बस."

मी तिथूनच अलोऱ्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"त्याने आधी करावा," थोरला म्हणाला.

"ऐकलंत?" म्हणत धाकट्याने जेवणाचं बिल पुढे केलं.

परत आलो, थेट सरांकडे गेलो. सरांनी दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्या, मधे बरोबर वीतभर जागा सोडून. काठावरून बोट फिरवलं.

"मऊ रोलर फाटेल यावर. शाई काढू नकोस." मग विचारलं, "सरळ कापलीय. कुणी?"

"मधल्याने, खेडला त्यानेच सांगितलं. बाकी दोघांनी दोन्हीकडून धरली होती."

सरांनी त्या रिकाम्या जागेवर हात ठेवला.

"म्हणजे त्या दिवशी तिघं एकत्र होते," म्हणाले.