विहीणबाईंची ओटी आणि हलती खुर्ची

आता हसायचं नाही असं कबूल करणार असाल तरच सांगते. म्हणजे हसाल तुम्ही, ते मला माहीत आहे. आमच्या किकवीत अजून हसतात. पण निदान चहा संपेपर्यंत तरी दम धरा.

झालं असं की माझे गुडघे कुरकुरायला लागले. पुण्याला नोकरी करतो त्या माझ्या मुलानं, नितीननं, फोनवर विचारलं की आई, रोज चालतेस का? मी म्हटलं, चुलीपासून गोठ्यापर्यंत चालते. तर चार दिवसांनी दारात टेम्पो उभा. त्यातून एक खुर्ची उतरली. काळीभोर, ऐसपैस, हातांना गादी, पायांना गादी. अगदी मंत्र्याची वाटावी अशी.

नितीन म्हणाला, "आई, ही मोटरवर चालते. तू नुसतं बसायचंस. व्यायाम आपोआप होतो."

आता मला सांगा, बसून कधी व्यायाम होतो का? हलणार खुर्ची, फिरणार मोटर, मग दमायचं कुणी? आणि मी दमलेच नाही तर व्यायाम झाला कुणाचा, माझा का मोटरीचा? मला काही चैनच पडेना. माझा स्वभावच तसा आहे. नवीन वस्तू दिसली की तिच्या पोटात काय आहे ते कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. आमचे हे म्हणतात, "ही देवळात गेली तरी आधी घंटा कशाला टांगलीय ते बघती."

खुर्चीला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बसले. उजव्या हाताखाली दोन खटके होते. पहिला पंख्याच्या रेग्युलेटरसारखा, हळू आणि जोरात. दुसरा फिरवला की खुर्ची उलट्या अंगानं हलायची. बैठक डावी-उजवीकडं झुलायची, पाय ठेवायच्या पट्ट्या वरखाली व्हायच्या, आणि माणूस घोड्यावर बसून सायकल चालवतोय असं काहीतरी व्हायचं. गल्लीतल्या सगळ्या बायका येऊन बसून गेल्या. कुणाला मळमळलं, कुणाला माहेर आठवलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण त्याच आठवड्यात आमच्या विहीणबाई येणार होत्या.

माझी लेक सारिका वेल्ह्याला दिलीय. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण विहीणबाई अडून बसल्या होत्या. आमच्याकडं काय कमी हाय, असं त्यांचं म्हणणं. खरी गोष्ट वेगळीच होती. लग्नापासून त्यांनी मला धांदरट ठरवून टाकलं होतं. त्या स्वतः डोंगरउतारावर भात लावणाऱ्या, शब्द मोजून बोलणाऱ्या, एक काम हातावेगळं केल्याशिवाय दुसऱ्याला हात न लावणाऱ्या. त्यांनी निरोप धाडला की मी येऊन घर बघते, मग सांगते.

मला रात्र-रात्र झोप येईना हो. लेक पोटुशी, आणि तिच्या डोक्याला तेल लावायला मी नाही, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी ठरवलं, त्या दिवशी असं शहाण्यासारखं वागायचं की विहीणबाईंनी तोंडात बोट घातलं पाहिजे.

त्या आल्या गुरुवारी. आणि गुरुवार म्हणजे आमच्याकडं लाईट जायचा वार.

सकाळी मी सगळं घर लख्ख केलं. मग थोडा वेळ होता म्हणून खुर्चीवर बसले. मला एकच शंका राहिली होती, की पहिला खटका पार शेवटाला नेला तर काय होतं? नेला. आणि काय होतं ते कळायच्या आत लाईट गेली. खुर्ची गप्प. मी उठले आणि पुरणाला लागले.

आता तुम्ही म्हणाल, बटण बंद नाही केलं? अहो, आमच्याकडं लाईट गेल्यावर बटण कोण बंद करतं? सगळी चालूच ठेवायची. पंखा फिरला की लाईट आली असं समजायचं. नाहीतर कळणार कसं?

विहीणबाई आल्या. जावयांनी त्यांना गाडीवरून दारात सोडलं आणि ते कामाला भोरला गेले. पाणी झालं, चहा झाला. विहीणबाईंनी घर फिरून बघितलं, डबे बघितले, न्हाणी बघितली. मग मी ओटी भरायला घेतली.

पाट मांडला, तर त्यांना खाली बसता येईना. कंबर धरली होती. आणि विहिणीला काय साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचं? घरातली मानाची जागा कुठली, ते तर समोरच दिसत होतं. मी खुर्चीचं तोंड पूर्वेला केलं आणि म्हटलं, बसा. त्या अगदी ताठ बसल्या. पाय पट्ट्यांवर ठेवले. दोन्ही हातांनी पदर पसरला. मी खण घातला, तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि वरचा पंखा फिरला.

मला सकाळचा खटका आठवला. पण तो आठवायला आणि विहीणबाई हलायला एकच गाठ पडली.

पार शेवटाच्या खटक्यावर हो! डावीकडं, उजवीकडं, पाय वर, पाय खाली. तांदूळ चारी दिशांना उडाले. नारळ त्यांच्या पदरात या टोकाकडून त्या टोकाला पळत होता. आणि त्या उठणार कशा? भरल्या ओटीवरून मधेच उठत नाहीत. पदर सोडला तर ओटी सांडली, अपशकुन. म्हणून दोन्ही मुठींत पदर घट्ट धरून, ओठ आवळून, विहीणबाई झुलत होत्या.

मी खटक्याला हात घातला. खटके त्यांच्या लुगड्याच्या घोळाखाली. विहिणीच्या लुगड्यात हात घालून चाचपणारी मी पहिलीच असेन. एक हाताला लागला, तो फिरवला. तो नेमका दुसरा. खुर्ची उलट्या अंगानं सुरू झाली.

झुलता झुलता त्यांनी विचारलं, "ह्ये... काय... हाय?"

आता खरं सांगायचं, तर लेक गेली हातची. म्हणजे मी खुळी, यंत्र चालू ठेवून पाहुणी बसवणारी. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्यासाठीच आणलीय. लावणीनं तुमची कंबर धरती, असं सारिका म्हणाली होती. म्हटलं, खास तुमच्यासाठी असावी."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. बाजेवर बसून इतका वेळ गंमत बघणारे आमचे हे शेवटी उठले आणि भिंतीवरच्या बटणाकडं निघाले.

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. "बंद नगा करू."

हे जागच्या जागी उभे. विहीणबाईंनी डोळे मिटले होते. जरा वेळानं म्हणाल्या, "कंबरंत काटा रुतल्यावानी हुतं. आता सैल पडाया लागलंय."

तशाच झुलत बसल्या. पुरण गार झालं. मग त्यांनी डोळे उघडले. "माज्यासाठी एवढा इचार केला तुमी. मी तुमास्नी भलतंच समजत हुते. सारिकाला धाडते म्या हितं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खोटं बोलल्याची लाज वाटली ती वेगळी, पण लेक येणार होती. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्या पुढं म्हणाल्या, "पर एकटी कशी धाडू? खुर्ची माज्यासाठी आणली म्हणता, तवा मीबी येते. बाळाचं बारसं झालं की जाईन."

मी काही बोलायच्या आत आमचे हे म्हणाले, "या की. घर तुमचंच हाय."

सारिका आली. तिच्या मागोमाग विहीणबाई आल्या, गाठोडं आणि पितळी डबा घेऊन. सकाळी उठल्या की खुर्ची, जेवल्या की खुर्ची, दिवेलागणीला खुर्ची. तिथूनच त्यांचा आवाज यायचा. विहीणबाई, जरा पाणी आणता? विहीणबाई, डिंक तळला का? विहीणबाई, माजा चष्मा माळ्यावरच्या गाठोड्यात राहिला बगा. नाही कसं म्हणणार? तीच बाई आता गल्लीभर सांगत होती की माझ्यासारखी विहीण शोधून सापडायची नाही.

परवा नितीनचा फोन आला. "आई, खुर्चीनं गुडघ्यांना काही फरक पडला का गं?"

मी माळ्याच्या शिडीवर होते. म्हटलं, "पडला की रे. तू म्हणाला होतास तस्संच. विहीणबाई नुसत्या बसतात, आणि माझा व्यायाम आपोआप होतो."