आदल्या दिवशीची सही

ती घटना आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. नोकरीत खून पाहिले, कोळशाच्या ट्रकखाली सापडलेली माणसं उचलली. पण निवृत्तीनंतर रिकामा बसलो की डोळ्यांसमोर येतं ते एका ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीतलं टेबल आणि त्याभोवती बसलेल्या सहा बायका.

मी तेव्हा वणीच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कुणाचं नाव सांगणार नाही. त्यातली बरीच मंडळी अजून तिथेच राहतात.

एका मंगळवारी सकाळी ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणारा पुरुष होता, नाव सांगायला तयार नव्हता. ठाणे अंमलदाराने त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले : 'सदर ठिकाणी दुपारी दोन ते चार महिला पत्त्यांचा जुगार खेळतात. प्रवेश मागील गल्लीतून.' आमच्या भागात जुगाराची खबर देणारा 'सदर ठिकाणी' म्हणत नाही. तो म्हणतो, "साहेब, बसून राह्यले तिथं, लवकर या." मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मला हसूच आवरत नव्हतं. बायकांचा अड्डा! मी स्टाफला म्हणालोसुद्धा, "आता हेच पाहायचं राहिलं होतं."

दोन पंच आणि दोन महिला अंमलदार घेऊन आम्ही अडीचच्या सुमारास गेलो. टेबलावर हिरवी चादर, लाल-निळ्या प्लास्टिकच्या चकत्या, एक मोबाईल घड्याळासारखा उभा करून ठेवलेला. कुणी पळालं नाही. पार्लरवाल्या बाई तेवढ्या उठल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेवू का साहेब?"

झडती घेतली. डावावर एक रुपयासुद्धा नव्हता. तेव्हा पत्ते वाटत असलेली पस्तिशीची एक बाई शांतपणे बोलू लागली. ती गणितात एम.एस्सी. होती, घरी शिकवण्या घ्यायची.

"साहेब, हा पोकर आहे. गोव्याले बायांची स्पर्धा आहे पुढच्या महिन्यात. मोबाईलवर खेळून मले त्यात जागा भेटली. ह्या साऱ्याजणी मले सराव देऊन राह्यल्या. पैसा नाही, तर जुगार कसा होईन?"

ती बरोबर बोलत होती. गुन्हा होत नव्हता. पंचनाम्यात तसं लिहून मी परत फिरायला हवं होतं. पण पंचांसमोर एक बाई मला कायदा शिकवते आहे, हे माझ्या डोक्यात गेलं. मला पत्त्यांचा राग आला नव्हता, तिच्या शांतपणाचा आला होता. इतकी वर्षं हे मी कुणाजवळ कबूल केलं नाही, आता करतो.

मी सहाही जणींना ठाण्यात आणलं आणि त्यांच्या घरी फोन लावायला सांगितलं. आमच्याकडे ही जुनी पद्धत होती. बाईमाणूस असेल तर गुन्हा नोंदवायचा नाही, नवऱ्याला बोलवायचं, समज द्यायची आणि समजपत्रावर 'ताब्यात मिळाली' म्हणून त्याची सही घ्यायची. आपण फार माणुसकीने वागतो, असं आम्हाला वाटायचं. पार्लरवाल्या बाई विधवा होत्या, तर त्यांचा दीर बोलावला. चाळिशी उलटलेली, स्वतःचा धंदा करणारी बाई दिराच्या ताब्यात दिली आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सही करणाऱ्याकडून आधार कार्डाची झेरॉक्स लागते. फोनवर हे कुणाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे पाच जण रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात पळाले. गणितवाल्या बाईचा नवरा तेवढा थांबून राहिला. तो एका खासगी शाळेत बाबू होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याने घडी घातलेली झेरॉक्स खिशातून काढून दिली, खाली सही करून तयार. आमचा हवालदार खूश झाला. "पाहा, याले म्हणतात शिस्त," तो इतरांना म्हणाला.

जाताना त्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं.

शुक्रवारी सरकारी दवाखान्यातून एमएलसी आली, म्हणजे संशयास्पद जखमेची पोलिसांना द्यायची खबर. तीच बाई. उजव्या हाताची चार बोटं चेचलेली. कारण लिहिलं होतं : 'मसाला वाटताना वरवंटा पडला.' वरवंटा पडला तर एखादं बोट चेमटतं. चार बोटं पेरापेरापर्यंत चेचायला तो पुन्हा पुन्हा पडावा लागतो. डॉक्टरांनाही ते दिसलं होतं, म्हणूनच त्यांनी आम्हाला कळवलं.

मी महिला हवालदाराला घेऊन दवाखान्यात गेलो. नवरा खाटेशेजारी बसला होता. बाई छताकडे पाहत म्हणाली, "वरवंटा पडला." मी नवऱ्याला ठाण्यात यायला सांगितलं.

तो घाबरलेला नव्हता. "मले तर मालूमच नव्हतं साहेब, ते पत्ते खेळते म्हणून. तुमचा फोन आला तेव्हा समजलं. माह्या तर पायाखालची जमीन सरकली."

मी मंगळवारचे कागद मागवले. काही शोधायचं म्हणून नव्हे. हातात कागद असला की समोरचा जपून बोलतो, एवढाच हिशेब. समजपत्राला जोडलेली त्याची झेरॉक्स वर होती. सुंदर अक्षरातली सही आणि सहीखाली तारीख. बाबू लोकांची ही सवय असते, सही केली की हात आपोआप तारखेवर जातो. मी ती तारीख दोनदा वाचली. ती सोमवारची होती.

मी कागद त्याच्यासमोर सरकवला. "छापा मंगळवारी. तुला फोन मंगळवारी. मग पोलीस झेरॉक्स मागणार, हे तुला सोमवारी कसं समजलं?"

मी ठाणे अंमलदाराची डायरी उघडून त्या निनावी फोनचे शब्द वाचून दाखवले, 'सदर ठिकाणी.' तेव्हा त्याची मान खाली गेली.

"गोव्याले जातो म्हणे. एकटी. मी नाही म्हणलं तर ऐकून नाही राह्यली. म्हणलं, पोलीस म्हणतीन तर ऐकन." मग तो एकदम चिडला. "पण तुमी सोडून देल्लं ना साहेब! गुन्हाच नाही केला. घरी येऊन म्हणते, पोलिसायलेबी काही भेटलं नाही, आता तर मी जाईनच."

"मग?"

"मंग मी वरवंटा घेतला."

त्याला अटक केली. मी पुन्हा दवाखान्यात गेलो, तेव्हा खाटेशेजारची खुर्ची रिकामी होती. नवरा कोठडीत आहे, हे ऐकल्यावर ती बोलली. महिला हवालदाराने फिर्याद लिहून घेतली, वाचून दाखवली. सगळं संपल्यावर ती माझ्याकडे वळली.

"साहेब, एक विचारू? तुमी माह्या नवऱ्याले कायले बोलावलं?"

मी म्हणालो, "पद्धत असते तशी. सही लागते."

"मंग माही घ्यायची होती. मले लिहिता येते."

शरमेने मी हातातली टोपी उगाच फिरवत राहिलो.

गोव्याची स्पर्धा झाली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. पुढे नवऱ्याला शिक्षा झाली आणि लोकांनी माझ्या तपासाचं कौतुक केलं. एका तारखेवरून आरोपी पकडला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली. मी ते कौतुक गप्प बसून ऐकलं. खबर त्याची होती, पण तिला त्याच्या हाती सोपवलं मी. बाईला घरच्यांच्या ताब्यात देणं म्हणजे तिला सुरक्षित ठेवणं, असं मी उभी नोकरी मानत आलो. ज्या घरातून ती खबर आली होती, त्याच घरात मी तिला परत पाठवलं. त्यानंतर माझ्या ठाण्यात कुठल्याही सज्ञान बाईसाठी 'ताब्यात मिळाली' हा कागद निघाला नाही. तिच्या नशिबी ते उशिरा आलं.

त्या प्रकरणाच्या फाईलमध्ये दोन कागद आहेत. समजपत्रावर नवऱ्याची सुबक सही आहे. फिर्यादीवर एम.एस्सी. झालेल्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा आहे, कारण उजव्या हाताला पेन धरवत नव्हतं. आणि दोन्हींच्या खाली 'समक्ष' लिहून सही आहे, ती माझी.