जाड कानाची टोपी

सध्याची पोस्टिंग हमरिया, मस्कत. दुसरा मजला, एक खोली, दोन खाटा. मी रिटायर्ड हवालदार. सकाळी सहा ते चौदाशे, म्हणजे दुपारी दोनपर्यंत, एका गोदामाच्या गेटवर ड्युटी. पंधराशेला जेवण, मग एसी लावून विणकाम. बाहेर रस्ता तापलेला आणि हा गडी लोकरीच्या टोप्या विणतोय, म्हणून बिल्डिंग हसते. हसू देत.

दुसरी खाट युनूसची. रत्नागिरीकडचा, चाळिशीतला. ऑक्टोबरात म्हणाला, "साहेब, जबल शम्स डोंगरावर चाललो. तंबूंच्या कॅम्पवर वॉचमन. तिथला अर्बाब, मालक, बोलला, थंडी हाडं फोडते. कानावर जाड टोपी द्या ना करून."

फोनवर त्यानं व्हिडिओ दाखवला. कानांवर दुहेरी वीण, आत दुसरा थर. नवा नमुना दिसला की माझे हात शिवशिवतात. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा जमलं. आठव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, टोपी तयार. युनूस घालून आरशासमोर उभा राहिला.

मी मागून म्हणालो, "युनूस, चहा ठेव."

वळला नाही.

"युनूस!"

नाही. स्वतःवरच खुश होऊन मिशीला पीळ देत होता. उठलो, टोपी ओढून काढली आणि सुई उपसून उसवायला लागलो.

"अहो, काय करताय! आठ दिवसांची मेहनत!"

"खलास. बस खाली. ऐक."

सांगितलं ते असं. उत्तरेकडची एक बर्फातली पोस्ट. आम्ही सहा जण. नाईक धोंडीराम, कोल्हापूरकडचा, माझा बडी, जोडीदार. रिकाम्या वेळी मी विणायचो. त्याच्या कानांना थंडीचे फोड आले होते, म्हणून मी डोकं चालवलं आणि असाच डबल थर विणला. सगळ्यांनी वाहवा केली. मी फुगलो.

सेंट्रीचा कान झाकायचा नाही, हे रंगरूटांना शिकवायचो मीच. काय उपयोग? अक्कल गहाण टाकली होती.

एके दिवशी पंधराशे चाळीसला वरचा बर्फ सुटला. धोंडीराम तीस मीटर खाली, पाठमोरा. मी शिट्टी वाजवली. चौघे खडकाआड पळाले. रेडिओवर त्याच्या कॉल साइननं ओरडलो, "ब्राव्हो, वर बघ! वर बघ! ओव्हर."

उत्तर नाही. तो दरीकडे बघत उभा. मग बर्फ आला.

सतराशे दहाला सापडला. टोपी डोक्यावर घट्ट. रिपोर्टमध्ये लिहिलं, इशारा देऊनही हलला नाही. खाली सही माझी. थू!

त्याच्या गावी सामान घेऊन मीच गेलो. आईनं टोपी छातीशी धरली. म्हणाली, "लेकराचं कान तरी उबदार राहिलं." मी मान हलवली. चहा प्यालो. वर दुसरा कप मागितला. त्या कपाची आजही किळस येते. कपाची कसली, माझीच.

युनूसनं उसवलेली लोकर गुंडाळली. मग विचारलं, "अम्मी हयात आहे त्यांची?"

"आहे. दिवाळीला फोन करतो."

"तिला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?" त्यानं माझा फोन माझ्यासमोर ठेवला. "यल्ला. लावा."

लावला. पंधराशे पंचेचाळीस. रँक, नाव सांगितलं आणि थेट बोललो. "आई, त्याला माझी शिट्टी ऐकू गेली नाही. टोपी माझी होती. रिपोर्टही मीच लिहिला."

पलीकडे कुणीतरी नळ बंद केला. मग ती म्हणाली, "सायेब, त्या दिवशी दुसरा कप मागितलासा. तवाच सांगायचं हुतं."

फोन ठेवला तिनं. बरोबरच केलं.

युनूसला दुसरी टोपी विणून दिली. साधी, कान उघडे ठेवणारी. थंडी वाजेल म्हणाला. वाजू दे म्हणालो.

नाईक धोंडीराम. वय एकोणतीस. तो हुकूम मोडणारा नव्हता. त्याला हुकूम पोचलाच नाही.