चौथा हार

नदीकाठच्या लाकूड डेपोत मी बैलगाड्या मोजायचो, तेव्हा मासे धरणारा एक ढीवर घट्ट वाट शोधायला रोज बांबूने रेती टोचत गाड्यांपुढे चालायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एका हिवाळ्यात पात्रातल्या फसव्या रेतीत इंजिनिअरची जीप, गुरांच्या डॉक्टरांचा पाय आणि रेंजरची बांबूगाडी एकाच सकाळी रुतली. मग तिघांनी ढिवराला सोबत घेऊन महिनाभर खटपट केली आणि बांबूच्या चटयांची वाट बसवली. गाडीला चार बैलांच्या जागी आता दोन पुरू लागले.

सत्काराला हार आले तीनच.

मी म्हणालो, "साहेब, माणसं चार होती."

इंजिनिअर ओशाळले. त्यांनी आपला हार ढिवराच्या गळ्यात घातला. त्याने तो काढला आणि सरळ पात्राकडे निघाला.

"काऊन गा भाऊ, कुठी चालला?" मी विचारलं.

"खऱ्या मानकऱ्याकडं, बाबूजी." रुतल्या जागी बांबू रोवून त्याने हार अडकवला. "हे तिघं एकमेकाले ओळखत नव्हते. ह्या रेतीनंच एका जागी आणलं."

त्यानंतर त्या हंगामात तिथे एकच वाहन फसलं. आपला हार बघायला इंजिनिअर जीप घेऊन गेले होते.