आहेर आणू नयेत

माझा भाऊ विद्याधर, आमचा दादा, कर्जाला जेवढा घाबरायचा तेवढं कोणी वाघालाही घाबरत नसेल. पानवाल्याकडे उधारी नाही. शेजारून वाटीभर साखर आणली तर दिवेलागणीच्या आत परत. आणि याला कारण मीच होते. बाबांनी माझ्या लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलले आणि पुढच्याच वर्षी ते गेले. मी अंधेरीला सासरी सुखात, आणि इकडे घाटकोपरच्या आमच्या चाळीत सावकाराचा माणूस दर महिन्याला दारात येऊन उभा. आई त्याला पाणी द्यायची, तो घ्यायचा नाही. दादानं कारकुनीच्या पगारातून सगळं फेडलं. फेडून संपलं आणि त्याच वर्षी आईही गेली. तेव्हापासून दादाचं एकच म्हणणं, माझ्या दारात कोणी मागायला उभं राहता कामा नये.

त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही मुलुंडला गेलो. कुंदा म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. पोहे खाऊन होईपर्यंतही दादाला दम निघाला नाही. तिच्या वडिलांसमोरच म्हणाला, "मी कर्ज काढणार नाही. लग्नालाही नाही आणि घरालाही नाही. थांबावं लागेल."

मी मनात म्हटलं, झालं, उठा आता. पण कुंदा शांतपणे म्हणाली, "थांबू की. मलाही पगार आहे."

वडिलांना ठसका लागला. मला मात्र ती पोरगी तिथेच आवडली.

साखरपुडा उरकला आणि मग नुसतं थांबणं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं लागलं. चाळीतली माणसं काय गप्प बसतात! "काय रे विद्या, लग्न करतोयस की पंचवार्षिक योजना?" दादा हसायचा. दोघांनी पोस्टात खाती उघडली होती. कुंदा शाळा सुटल्यावर पोलकी शिवायची, दादा संध्याकाळी एका वाण्याचं जमाखर्चाचं काम करायचा. रविवारी भेटले की डोंगराच्या बाजूला फिरायला, शेंगदाण्याची एक पुडी दोघांत. सिनेमा नाही, हॉटेल नाही. लग्नाआधीच ती दोघं जुनं जोडपं दिसायला लागली होती.

पण जमवलं हो त्यांनी. मुलुंडला कौलारू दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी, अनामत रोख मोजून. वर साध्या लग्नापुरते पैसे. छप्पनच्या मे महिन्यात शाळेला सुटी लागल्यावर मुहूर्त धरला.

आणि इथे आमच्या दादाच्या डोक्यात किडा शिरला. पत्रिकेच्या खाली त्यानं छापून घेतलं, 'कृपया आहेर आणू नयेत.'

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"आहेर म्हणजे कर्जच, नीला. आज त्यांनी भांडं द्यायचं, उद्या त्यांच्या घरी मुंज निघाली की आपण त्याहून मोठं भांडं द्यायचं. जन्मभर फेडत बसा. मला कोरी पाटी हवी."

कुंदा म्हणाली, "लोकांना वाईट वाटेल."

"वाटू दे. दोन दिवसांत विसरतील."

हा माणूस जमाखर्चात हुशार, पण माणसांच्या बाबतीत ढ.

लग्न छान झालं. मुलुंडच्या एका शाळेच्या पटांगणात मांडव, मसालेभात, जिलबी. दादा मुंडावळ्या बांधून उभा आणि नजर कोण काय घेऊन येतं यावर. कोणी पाकीट काढलं की हा हात जोडून, "पत्रिका वाचली ना?" लोक पाकीट परत खिशात घालायचे. काहींना बरंच वाटलं असणार, खोटं कशाला बोलू!

मग वनमालाकाकू आल्या. आमच्या चाळीत समोरच्या खोलीतल्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर पापड लाटून त्यांनी लेक मालन वाढवली आणि तिचं लग्न करून दिलं. काकूंच्या काखेत धोतरात गुंडाळलेलं मोठं काहीतरी होतं. गाठ सोडली तर तांब्याचं नवंकोरं घंगाळ. बघत राहावं असं.

दादानं हात जोडले. "काकू, राग मानू नका. कोणाचंच घेतलं नाही."

"माझां घे रे झिला."

"तुमचं घेतलं तर बाकीच्यांना काय सांगू?"

काकूंनी घंगाळ पुन्हा गुंडाळलं, कुंदाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाल्या. दादा पुढच्या पाहुण्यांकडे वळला. कुंदानं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "वन्सं, त्या जेवल्या का हो?"

जेवल्या नव्हत्या.

चाळीतल्या खोलीतलं सामान हलवायचं होतं म्हणून चार दिवस दोघं तिथेच राहिली, मदतीला मीही. काकूंचं दार बंद. दादा नळावर दिसला की त्या हंडा उचलून आत. बिऱ्हाड हलवायच्या आदल्या संध्याकाळी कुंदा म्हणाली, "अहो, कोणी न जेवता गेलं, तर आपण नव्या घरात चूल कशी पेटवायची? मी नाही पेटवणार."

लग्नानंतरचं तिचं ते पहिलं भांडण. दादा चप्पल न घालताच समोर गेला. आम्ही दोघी मागोमाग.

"काकू, माझं काय चुकलं?"

काकू पापड लाटत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझां काय चुकणार? तू मोकळो झालंस. कोणाचां देणां नाय, कोणाचां घेणां नाय. आणि मी?"

दादाला कळेना.

"मालनच्या लग्नात पोरीच्या अंगावर घालूक साडी नव्हती. तुझ्या आवशीन नवी साडी दिली, घडी न मोडलेली. बोलली, 'माझ्या विद्याच्या लग्नात तू फेड.' ती गेली. आता मी कोणाचां फेडू? तुझ्या लग्नाचीच वाट बघत होते ना रे मी. पापड लाटून लाटून घेतलां ता घंगाळ. आणि तू माका दारातून परत धाडलंस."

दादा तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला तो आयुष्यभर भ्यायला होता. पण हे माणूस काही मागायला आलं नव्हतं, द्यायला आलं होतं. मला त्याचा इतका राग आला होता, पण त्याचं तोंड बघून तो कुठच्या कुठे गेला.

"द्या काकू," तो म्हणाला. "मला हवंय."

काकूंनी लगेच दिलं नाही. रीतीनं पाट मांडले, दोघांना बसवलं, कुंकू लावलं, कुंदाची ओटी भरली. घंगाळात नारळ ठेवून ते दादाच्या हातात दिलं आणि पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आता मी वर गेलंय तर तुझ्या आवशीच्या शेजारी बसूक मोकळी." मग आम्हाला भात आणि सोलकढी वाढली, स्वतःही जेवल्या.

दुसऱ्या दिवशी लॉरीत सगळं सामान चढलं. घंगाळ मात्र दादानं चढवू दिलं नाही, खांद्यावर घेतलं. स्टेशनच्या रस्त्यावर कुंदा पुढे चालत होती. दादा माझ्याजवळ आला.

"नीला, आईनं ती साडी दिली तेव्हा तिच्याकडे दुसरी नवी होती का गं?"

"नव्हती," मी म्हटलं. "मालनच्या लग्नाला ती जुनीच नेसून गेली होती."